एकेक तार

चौदा जून, रविवार. दुसऱ्या दिवशी आमची व्हायोलिनची शाळा उघडणार होती, म्हणून सगळ्या वाद्यांच्या तारा बदलायच्या होत्या. हे काम दरवर्षी माझ्याकडे असतं. कंटाळवाणं आहे, पण मला बसून राहण्यापेक्षा ते बरं वाटतं.

शाळा म्हणजे शहराबाहेर, सिलतऱ्याच्या कारखान्यांपलीकडच्या एका गावात पंचायतीनं दिलेली लांबट खोली. कारखान्यांची काळी धूळ तिथे बंद कपाटातही शिरते. तारांवर घासायच्या गजाला लावलेली राळ वाजवताना खाली सांडते, तिच्यात ही धूळ मिसळली की लाकडावर डांबरासारखा थर बसतो. मे महिनाभर वाद्यं तशीच पडून होती.

शिकवणारे आम्ही तिघं. सर रेल्वेतून निवृत्त झालेले, शहरात पुरानी बस्तीत राहतात, शाळा त्यांचीच. मी समता कॉलनीतल्या एका क्लिनिकचं ऑफिस सांभाळते आणि सुट्टीच्या दिवशी इथे शिकवते. तिसरी त्याच गावची मुलगी. लहानपणापासून सरांकडे शिकली, कॉलेज संपलं आणि आमच्यात आली. सर मराठीत रागावतात, ती हिंदीत उत्तर देते. दोघांचं नीट चालतं.

यंदा नव्या मुलांचा वर्ग तिला द्यायचं सरांनी कबूल केलं होतं, तेही मी हिवाळाभर मागे लागले तेव्हा. "देतो," ते म्हणाले होते, "पण एक गडबड झाली का वर्ग परत माझ्याकडे. मंग मले कोणी समजवायचं नाही." तिच्या घरच्यांनी एका कारखान्याच्या ऑफिसात तिच्यासाठी जागा बघून ठेवली होती. वर्ग मिळाला नाही तर आपण तिथे जाणार, हे तिनं मला सरळ सांगितलं होतं.

मी पोचले तेव्हा ती आधीच आलेली होती. सतरंजीवर सगळी व्हायोलिनं ओळीनं मांडलेली, चकचकीत. एकावरही तार नव्हती.

"दीदी, आपका काम खतम," ती म्हणाली. "कल से लगी हूँ. तार निकाले बिना साफ ही नहीं हो रहा था. अब देखो, शक्ल तो दिख रही है इनकी!"

मी एक उचललं. आतून खडखड झाली. दुसरं उचललं, तसंच. तिसरं उचललं तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

व्हायोलिनच्या पोटात पेन्सिलीएवढी एक लाकडी काडी उभी असते. ती चिकटवलेली नसते. तारांचा दाब त्यांना उचलून धरणाऱ्या घोडीवर पडतो, घोडीचा खालच्या लाकडावर, आणि त्या दाबानंच काडी जागेवर राहते. सगळ्या तारा एकदम काढल्या की ती पडू शकते. ती पडली की वाद्यातला आवाज गेला. आमच्या जवळजवळ सगळ्यांच्या पडल्या होत्या.

सर कायम सांगत, एक तार काढा, एक लावा, मग दुसरीला हात लावा. का, ते त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. सरांकडे शिकताना 'का' विचारायची पद्धत नाही. मुलांना वाटे, हाही सरांच्या शिस्तीचाच भाग, चपला ओळीत ठेवण्यासारखा.

सायकलचा एक जुना आरा मिळाला. तो वाकवून मी वाद्याच्या फटीतून आत घातला आणि काडी उभी करायला बसले. काडी उभी राही, मी हात काढला की पडे. ती टॉर्च धरून बसली होती. घामानं माझा चष्मा घसरत होता. शेवटी एक उभी राहिली. तारा चढवून ते व्हायोलिन वाजवलं, तर पत्र्याचा डबा खरवडल्यासारखा आवाज आला. जागा चुकली होती. मी आरा फेकला आणि नागपूरच्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

"डिंक-बिंक नका लावू बरं ताई," तो आधी हेच म्हणाला. "गाडीत टाका अन् घेऊन या. परवापर्यंत करून देतो."

उद्या तर वर्ग. नवी मुलं आईबापांना घेऊन येणार, सरही येणार.

"सर को बोल देंगे, गर्मी में गिर गया," ती म्हणाली.

"सगळ्यांना एकदम लू लागली?"

ती हसली नाही. तिनं फोन काढला. मी थांबवलं नाही. तिनं सरांना सगळं सांगितलं, स्पीकर चालू ठेवून.

"एकेक तार सांगतली होती का नाही?" सर ओरडले.

"हव सर. पर क्यों, वो नहीं बताया था."

"तू इचारलं होतं?"

"पूछने पर आप चिढ़ते हो, सर."

पलीकडून फोन बंद.

दुपार वाईट गेली. मी खोली झाडली. पुन्हा झाडली. राळेचे तुकडे डब्यात भरले, डबे हलवले, खिडकी उघडली, धूळ येते म्हणून लावली. ती भिंतीला टेकून बसली होती. "दीदी, आप बैठ जाओ ना," ती एकदा म्हणाली, "आपको देखके मुझे और घबराहट हो रही है." मी बाहेर जाऊन हापशावर पाय धुऊन आले.

चहाच्या वेळेला सरांचा फोन आला, माझ्या फोनवर.

"बाई, तुम्ही उद्या नागपूरले जा."

"आणि वर्ग?"

"वर्ग आहे ना. लोकं पोट्टे घेऊन येऊन राहिले, त्याईले काय वापस पाठवता?"

"घेणार कोण?"

"जिनं काड्या पाडल्या ते. व्हायोलिन नसतानी काय शिकवते, पाहतो. मी मागं बसतो."

तिला सांगितलं तेव्हा ती कपाळाला हात लावून म्हणाली, "पीछे बैठेंगे? सर? इससे अच्छा डाँट लेते." आणि लगेच उठून कपाटातले गज मोजायला लागली. गजांना काही झालं नव्हतं.

सोमवारी सकाळी क्लिनिकला सुट्टी कळवून मी सरांना त्यांच्या घरून घेतलं. शाळेत पोचल्यावर मी व्हायोलिनं चादरीत गुंडाळून गाडीत भरत होते, तेव्हा आत वर्ग सुरू झाला. दारातून दिसत होतं. नव्या पोरांच्या हातात नुसते गज, आणि ती एकेकाची बोटं जागेवर बसवत होती. "आज वायलिन नहीं मिलेगा," ती सांगत होती, "क्यों नहीं मिलेगा, वो भी बताती हूँ. मेरी गलती है." आईबाप भिंतीला टेकून ऐकत होते. एका पोराचा अंगठा वाकडा पडत होता. मागे बसलेल्या सरांना ते बघवेना. ते उठले आणि त्याच्याकडे निघाले.

"सर," ती मान वर न करता म्हणाली, "बैठिए. आ रही हूँ उसके पास."

सर उभेच राहिले. मग त्यांनी पंच्यानं मान पुसली आणि परत जाऊन बसले.

मी डिकी लावली, पेट्रोल भरलं आणि नागपूरच्या रस्त्याला लागले.