सोन्याचा खिळा आणि शाडूची माणसं

"रुळावर हे चाळीस चिनी मजूर कशाला, सुलक्षणा? गर्दी दिसते!"

"मग रूळ कोणी टाकले, अहो? तुमच्या त्या उंच टोपीवाल्यांनी?"

"हिस्टरी मला नको शिकवूस. मालक पुढेच उभे असतात."

"पुढे उभं राहायला कुठे कष्ट पडतात? तुम्हाला तर चांगलंच ठाऊक आहे."

गणपतीची आदली संध्याकाळ, लंडनच्या हाउन्सलोतली फ्रंट रूम. यंदाचा देखावा शशीकाकांचा: १८६९ साली अमेरिकेच्या दोन टोकांकडून आलेली रेल्वे जोडली गेली, तो क्षण. थर्माकोलचे डोंगर, दोन इंजिनं, मधे शेवटचा सोनेरी खिळा. मागे बाप्पा, जणू कंपनीचे शेअरहोल्डर.

तरुणपणी अमेरिकेनं काकांना तीनदा व्हिसा नाकारला. प्रत्येक नकारानंतर तो देश त्यांना आणखी थोर वाटू लागला. मग इथे येऊन ट्यूब स्टेशनवर एकतीस वर्षं तिकिटं विकली आणि जगाला सांगितलं, "आय वॉज इन रेल्वेज." आता मुलगा आर्यन शिकागोत. उद्या त्याचे होणारे सासरे यायचे, म्हणून बाप्पालाही अमेरिकेत बसवलेलं.

सुलक्षणाकाकूंनी विमानतळाजवळच्या किचनमध्ये सरकत्या पट्ट्यापाशी बावीस वर्षं उभ्यानं विमानातल्या जेवणाचे ट्रे भरले. काकांच्या तोंडी त्या "केटरिंग मॅनेजमेंटमध्ये" होत्या. मॅनेज काय करायच्या? बटरची वडी.

मूर्तीतून उरलेल्या शाडूची ही मजूर माणसं त्यांनी आठवडाभर बसून वळली होती. काकांनी एकेक उचलून बुटांच्या खोक्यात टाकायला सुरुवात केली. एकीपाशी थबकले.

"ही बाई कोण? डोक्यावर जाळी काय हिच्या?"

"हेअरनेट. ती मी आहे."

"रेल्वेवर? तू?"

"तुमच्या गोष्टींत दुसरीकडे कुठे ठेवलंत मला? आर्यनच्या सासऱ्यांना सांगा, ही ट्रे भरायची."

"वेडी आहेस का! ते लोक काय म्हणतील?" काकांनी तिलाही खोक्यात टाकलं. "हवं तर बाप्पाच्या मागे ठेवू. दिसणार नाही तिथे."

काकूंनी खोकं उचललं. अंगावर कोट चढवला.

"अगं, कुठे निघालीस? सकाळी दहाला ते येणार! एकशे एक मोदक कोण करणार?"

बाहेरचं दार लागलं. सोनेरी खिळा हलला आणि आडवा पडला.