ठकीला नापास करा

११ फेब्रुवारी रोजी मास्तरांनी एका खासगी दवाखान्यात फोन करून तीन वर्षांच्या मुलीच्या तपासणीचा दर विचारला. उत्तर आले, एक हजार आठशे चाळीस. "बरं, घरी विचारून कळवतो," असे म्हणून मास्तरांनी फोन ठेवला. घरी त्यांनी काहीही विचारले नाही. सरकारी बालकेंद्रात हीच तपासणी फुकट होत असे. फक्त रांग होती, आणि रांगेला पैसे पडत नाहीत.

मास्तर गाडी शिकवत. परमुलखात येऊन त्यांना चौदा वर्षे झाली होती आणि त्यातली अकरा त्यांनी बाजूच्या सीटवर बसून काढली होती. त्या शहरात आपल्या भाषेत गाडी शिकवणारा दुसरा कोणी नव्हता, त्यामुळे नवी आलेली मंडळी लायसन्ससाठी त्यांच्याकडेच येत. गाडीला ब्रेक आणि क्लचच्या दोन जोड्या होत्या. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, एक मास्तरांच्या. "रस्ता पाठ करू नका," ते प्रत्येकाला पहिल्या दिवशी बजावत. "परीक्षक भलत्याच गल्लीत वळायला लावेल आणि तुमचं पितळ उघडं पडेल." दहातले आठ जण पहिल्या फेरीत पास होत. उरलेल्या दोघांविषयी मास्तर बोलत नसत.

ठकी ही त्यांची एकुलती एक मुलगी. तिचे खरे नाव कागदोपत्री होते, पण कुठल्याही नावाने हाक मारली तरी ती वळून बघत नसे, त्यामुळे कोणते वापरावे हा प्रश्न आला नव्हता. ती चमचे रांगेने मांडी, आणि कुणी एक जरी सरकवला तर घर डोक्यावर घेई. बोलत नव्हती. लस टोचायला नेले तेव्हा तिथल्या नर्सने थोडा वेळ तिच्याकडे पाहिले आणि आईच्या हातात बालकेंद्राचा नंबर ठेवला.

त्याआधी शेजारणीने वेगळाच सल्ला दिला होता. घरात दोन भाषा असल्या की पोर गोंधळते, तेव्हा इथलीच काय ती ठेवा. ठकीच्या आईला इथली भाषा दुकानापुरती येत होती. म्हणून गेले सात महिने ती लेकीशी दुकानापुरतेच बोलत होती. 'ये', 'घे', 'नको', 'बस एवढंच'.

सासूबाईंना फोनवर काळजीचे कारण दिसले नाही. "अगं, तिचा बाप चार वर्षांचा होईपर्यंत मुका होता."

"मग काय केलंत, आई?"

"करायचं काय? एक दिवस बोलायला लागला. तो अजून थांबलेला नाही."

बालकेंद्राने २० मार्च ही तारीख दिली. ती ऐकून मास्तरांनी एकच प्रश्न विचारला. "विचारतात काय काय?"

"अहो, ती तपासणी आहे. परीक्षा नाही."

"टेबल आलं, तपासणारा आला, कागद-पेन आलं, की ती परीक्षाच. तू मला परीक्षा शिकवू नकोस."

मास्तरांकडे एक प्लंबर शिकायला येत असे. लायसन्सच्या परीक्षेत दोनदा आपटला होता. त्याच्या मुलाची याच केंद्रात आदल्या वर्षी तपासणी झाली होती. गाडी मागे घेता घेता त्याने सगळे सांगितले. आधी ठोकळे रचायला देतात, मग चेंडू, मग बाहुलीला भरवायला सांगतात, मग चित्रावर बोट ठेवायला, मध्येच नावाने हाक मारतात आणि शेवटी टाटा.

"ह्याच क्रमाने?"

"मास्तर, मी आरशात बघू की तुम्हाला उत्तरं देऊ?"

"दोन्ही कर."

त्या दिवसापासून स्वयंपाकघरात शिकवणी सुरू झाली. ठोकळे, चेंडू, बाहुली, चित्र, टाटा. प्रत्येक गोष्टीला एक बेदाणा. ठकीची स्मरणशक्ती अचाट होती. पंधरा दिवसांत तिला क्रम असा बसला की ठोकळे रचून होताच ती चेंडूसाठी हात पुढे करी. अडले ते हाकेपाशी. त्यावरही मास्तरांनी तोड काढली. ठकीला गाडीच्या इंडिकेटरचा आवाज फार आवडे. टकटक सुरू झाली की ती असेल तिथून मान वळवी. मास्तर जिभेने हुबेहूब तसा आवाज काढायला शिकले. आधी टकटक, लगेच हाक.

"ती आवाजाकडे बघते हो, हाकेकडे नाही," बायको म्हणाली.

"बघते ना? झालं तर."

२० मार्चला केंद्रातल्या तपासनीस बाईंनी फोनवरून बोलणारी दुभाषी देऊ केली. तीही फुकट. मास्तरांनी नको म्हटले. हात दाखवून अवलक्षण कशाला, असे त्यांचे मत होते. आपणच दोन्हीकडचे बोलू.

बाईंनी ठकीच्या आईला विचारले, रात्री झोप कशी आहे? आई म्हणाली, "दोन-दोन वाजेपर्यंत जागी असते. भिंतीवर डोकं आपटते, म्हणून मी मध्ये हात घालून बसते. माझा हात सुजलाय, बघा."

मास्तरांनी बाईंना सांगितले, "झोपते."

"त्या बरंच काही बोलल्या."

"आमची भाषा लांबलचक आहे."

ठोकळे, चेंडू, बाहुली, चित्र. सगळे ओळीने झाले. हाकेच्या वेळी मास्तरांनी तोंडावर रुमाल धरून टकटक केली आणि ठकीने झटकन मान वळवली. बाईंनी विचारले, काय झालं? मास्तर म्हणाले, घसा. निघताना ठकीने टाटाही केला, अर्थात भिंतीला.

आठवड्याभराने पत्र आले. मुलीची वाढ वयाच्या मानाने ठीक आहे, सध्या कोणत्याही सेवेची गरज नाही, एका वर्षानंतर संपर्क साधावा. मास्तरांनी ते फ्रिजवर लावले, आइस्क्रीम आणले आणि दुसऱ्या दिवशी प्लंबरला गाडीतच बातमी दिली.

प्लंबरने आरशात पाहिले, इंडिकेटर दिला आणि गाडी कडेला घेतली. अगदी नियमाप्रमाणे, आयुष्यात पहिल्यांदाच.

"पास कसली करता, मास्तर? आमचा पोरगा सपशेल नापास झाला म्हणून तर त्याला वर्ग मिळाला. आठवड्याला चार सकाळी. बोलायला शिकवणारी बाई वेगळी, हातांचे व्यायाम घेणारी वेगळी. बायकोलाही शिकवतात, त्याच्याशी कसं वागायचं ते. आधी नुसता बोंबलायचा. आता पाणी मागतो."

"फुकट?"

"फुकट. पण साडेतीनच्या आत नाव लागलं तर. पुढे ऑफिस बदलतं. तिथे दोन वर्षं थांबा."

ठकीला साडेतीन वर्षे जूनच्या मध्यावर पूर्ण होत होती.

मास्तरांनी घरी येऊन हे बायकोला सांगितले. ती ठकीने मांडलेल्या चमच्यांवरून पाय उचलून चालली होती. ती ओरडली नाही.

"दिवसभर मी एकटी असते हिच्याजवळ," ती म्हणाली. "मला मदत हवी होती. तुम्ही सर्टिफिकेट आणलंत."

मास्तरांना उत्तर सुचले नाही. सासूबाईंना हे कुणी सांगितले असते तर खरे वाटले नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते केंद्राच्या खिडकीपाशी उभे होते.

"तक्रार काय?" कारकुनाने विचारले.

"मुलगी पास झाली."

"मग?"

"तिला नापास करून हवंय."

कारकुनाने वर पाहिले नाही; अशी माणसे रोज येत असावीत असा त्याचा चेहरा होता. फेरतपासणी वर्षानंतरच, तो म्हणाला. हां, कारण लिहून द्या. वरिष्ठांना पटलं आणि कुणाची वेळ रद्द झाली तर फोन करू. फोन आला की अर्ध्या तासात हजर, नाहीतर पुढचा नंबर. मास्तरांनी कारणाच्या रकान्यात लिहिले, 'वडिलांनी मदत केली.'

फोन आला २४ मे रोजी, शिकवणी चालू असताना. स्टिअरिंगवर एक शिंपीणबाई होत्या. त्यांचा तो दुसराच तास होता.

"बाई, सरळ चला."

"कुठे?"

"माझ्या घरी."

"अहो मास्तर, लोक काय म्हणतील?"

घरापाशी आई आणि एकाच पायात बूट घातलेली ठकी मागे बसल्या. मास्तर स्वतः चालवायला बसले असते, पण ते स्टिअरिंगवर दिसले की ठकी किंचाळत असे. तिच्या हिशेबी बापाची जागा बाजूची. तेव्हा शिंपीणबाईच मोठ्या रस्त्याला लागल्या.

"तिसरा गिअर टाका."

"तो अजून शिकवलाय कुठे?"

"हा काय, शिकवतोय."

केंद्रात त्याच तपासनीस बाई होत्या. या वेळी टेबलावरच्या फोनमधून दुभाषी बोलत होती. मास्तर उभेच राहिले.

"त्या दिवशी गाडी ती चालवत नव्हती. बाजूची पेडलं मी दाबत होतो."

"भाऊ, हे असंच्या असं सांगू?" दुभाषीने विचारले.

"असंच. आणि रात्री ती झोपत नाही, हेही सांगा. मी खोटं बोललो."

बाईंनी ऐकून घेतले आणि पेटीतून आधी चेंडू काढला. ठकीने तो बाजूला ढकलला. ती ठोकळे शोधू लागली. टेबलाखाली, पेटीमागे. ठोकळे नव्हते. मग तिने हवेतच एकावर एक काही रचले आणि बापापुढे बेदाण्यासाठी हात पसरला. मास्तरांचा हात खिशात होता. तो त्यांनी तिथेच ठेवला. बाईंनी नावाने हाक मारली, तीनदा. ठकी आपला पसरलेला हात बघत राहिली. बाईंनी मास्तरांकडे पाहिले. मास्तर जीभ दाताखाली धरून उभे होते.

मग बाईंनी आईला विचारले, दिवस कसा जातो? आई बोलू लागली. भिंत, सुजलेला हात, चमचे, केस धुतानाची ओरड, गच्च मिटून घेतलेले तोंड, सगळे.

"ताई, जरा थांबा, मला सांगू तर द्या त्यांना," दुभाषी म्हणाली.

"थांबलेच होते की."

शेवटी बाई सावकाश बोलल्या आणि दुभाषीने तितक्याच सावकाश सांगितले. लक्षणे स्वमग्नतेची, म्हणजे ऑटिझमची, दिसतात. आणखी दोन बैठका होतील, पण वर्गासाठी नाव आजच पाठवते. "आणि ताई, त्या म्हणतात, लेकीशी तुमच्याच भाषेत बोला. भरपूर बोला. त्यानं मूल गोंधळत नाही."

"पुन्हा एकदा विचारा."

दुभाषीने विचारले. "नाही गोंधळत."

मास्तरांनी घसा साफ केला. "बाईंना विचारा, या बैठकांना घरी काय तयारी करून घेऊ?"

बाईंचे उत्तर जरा लांब होते. दुभाषीने ते थोडक्यात सांगितले. "भाऊ, तुम्ही बाहेर बसायचं."

६ जूनला मंजुरीचे पत्र आले आणि त्याच महिन्यात ठकीचा वर्ग सुरू झाला. ती अजून बोलत नाही. तहान लागली की पेल्याचे चित्र आणून आईच्या हातात देते. पहिल्यांदा दिले तेव्हा घरात कुणाला कळले नाही, म्हणून तिने ते दोनदा दिले. आई तिच्याशी सकाळपासून बोलत असते. मास्तरांना मध्ये बोलायला जागा मिळत नाही.

त्या दिवशी शिंपीणबाईंनी पूर्ण तासाचे पैसे भरले होते आणि त्यातला अर्धा तास केंद्राच्या आवारात, बंद गाडीत बसून काढला होता. पुढे त्या दुसऱ्या शहरात राहायला गेल्या. मास्तर त्यांना अर्धा तास देणे लागतात.