मातीसकट ठेवा म्हणाला होता

"आधी ऐकायचं, मग खणायचं," असं म्हणून तो एक बोट वर करायचा, आणि आम्ही सगळे शहाण्यासारखे गप्प व्हायचो. कानांवर हेडफोन, हातात धातू शोधायचं लांब दांड्याचं यंत्र, आणि सिडनीजवळच्या टूनगॅबीतल्या आमच्या मागच्या अंगणात कोथिंबिरीच्या वाफ्यावर वाकलेला तो. माझ्या मंगळसूत्राची गळून पडलेली वाटी त्याने तिथूनच दोन मिनिटांत काढून दिली. आमची ओळख ती तेवढ्यावरून.

अशी मुलं तुम्हीही पाहिली असतील. त्या वर्षांत विमानं भरून यायची. कुकरीचा कोर्स करा, पीआर म्हणजे कायम राहायचा परवाना मिळवा, एवढंच त्यांना कोणीतरी सांगितलेलं असायचं. हा कराडचा. दोन वर्षं कुकरी शिकून वरणाला फोडणी आधी घालायची की नंतर, हे मलाच विचारायचा. सकाळी कॉलेज, मग शॉपिंग सेंटरमध्ये साफसफाईची शिफ्ट, आणि रविवारी ते यंत्र. गॅरेज सेलमध्ये घेतलेलं. त्यातून बहुतेक बिअरच्या कॅनच्या कड्याच निघायच्या.

"काय मिळालं रे?" मी विचारायची.

"कचरा, ताई. पण जुना कचरा!"

दिवाळीच्या आधीच्या रविवारी तो आला तो धापा टाकतच. एक जुनं घर पाडून मोकळ्या झालेल्या प्लॉटवर खणत होता. मालक म्हातारा, भला माणूस. "नो वरीज मेट, सापडेल ते तुझं," म्हणालेला. याने माझ्या ओट्यावर रुमाल उलगडला. आत सोन्याचं नाणं. राणीचा चेहरा, आणि तिच्या केसांत वाळलेली तांबडी माती.

"सिडनीच्याच जुन्या टांकसाळीतलं आहे, ताई. हे विकलं तर माझं शेवटचं सेमिस्टर निघतंय बघा."

दोन आठवड्यांपूर्वी त्याच्या कॉलेजला टाळं लागलं होतं. दारावर एक कागद चिकटवलेला, आत कोणी नाही. महिनाअखेरपर्यंत दुसऱ्या कॉलेजात फी भरली नाही, तर व्हिसा गेला आणि हाही गेला. नाण्यांच्या डीलरने पुढच्या सोमवारची वेळ दिली होती. तोवर नाणं माझ्याकडे, कारण त्याच्या भाड्याच्या घरात सात मुलं आणि कुलूप एकाही खोलीला नाही.

"मातीसकट ठेवा हं, ताई. डीलर बघंल काय करायचं ते. आपण हात नाय लावायचा."

मी वेस्टमीडच्या हॉस्पिटलात लॅबमध्ये काम करते. आलेला नमुना आला तसाच ठेवायचा, यावरून मी नव्या मुलींना रडवलेलं आहे. "मला शिकवू नकोस," असं मी त्याला तोऱ्यात सांगितलं.

शनिवारी लक्ष्मीपूजन होतं. चौरंगावर माझ्या बांगड्या ठेवल्या, चांदीची वाटी ठेवली, आणि वाटलं, पोराची लक्ष्मीही आज इथेच असावी. पण देवीपुढे मळलेलं सोनं ठेवायचं कसं? आमच्या आईने कधी ठेवलं नाही. मी रिठे भिजवले, जुना टूथब्रश घेतला. राणीच्या केसांतली माती निघेना, म्हणून चिमूटभर भांड्यांची पावडर लावली. घासताना आरती गुणगुणत होते. नाणं असं लखलखलं की मला माझंच कौतुक वाटलं.

संध्याकाळी तो प्रसादाला आला. चौरंगापाशी वाकून त्याने नाणं पाहिलं.

"छान दिसतंय, ताई," म्हणाला. एरवी सहा करंज्या खाणारा. त्या दिवशी एकच घेतली.

सोमवारी मीच त्याला गाडीने नेलं. डीलरने डोळ्याला भिंग लावलं आणि लगेच काढलं.

"हू क्लीन्ड धिस, मेट?"

मी तोंड उघडलं, पण तो आधी बोलला. "मी. सॉरी. आय डिडन्ट नो."

डीलर वाईट नव्हता. त्याने भिंगातून दाखवलं. राणीच्या गालभर ब्रशचे ओरखडे होते. होतं तसं आणलं असतं तर संग्राहकांनी चढाओढ केली असती. आता नुसत्या सोन्याचा भाव. त्याने नाणं काट्यावर ठेवलं. आणि मी, ताई म्हणवून घेणारी, शेजारी उभी राहून गप्प बसले. हे लिहिताना आजही लाज वाटते. वजनाला जे आलं, त्यात सेमिस्टर नव्हतं.

परत येताना मी म्हणाले, "फीचं आपण काहीतरी बघू." आवाजात जोर नव्हता, आणि ऐकण्यात तो पटाईत.

"नको, ताई. तुम्ही खूप केलंत."

पुढच्या महिन्यात मी त्याला एअरपोर्टवर सोडलं. यंत्र माझ्या गॅरेजमध्ये ठेवून गेला. बॅटऱ्या काढून वेगळ्या बांधून ठेवल्या होत्या, गंज चढू नये म्हणून. आत जाताना वळला आणि म्हणाला, "ताई, लक्ष्मी तरी खूश झाली असंल ना?"

त्याच्या चेहऱ्यावर मी टोमणा शोधला, अगदी जीव लावून शोधला. तो नव्हता. असता, तर मला जरा बरं वाटलं असतं.