देवी नसलेला गड

ओल्या चुन्याचा वास तुम्ही कधी घेतला आहे का? फार दिवस बंद राहिलेल्या खोलीला येतो तसाच तो असतो, थंड आणि कोंदट. मी राहते त्या आयर्लंडमध्ये, ट्रली गावाजवळ खाडीच्या काठी नॉर्मन सरदारांच्या वंशजांनी मध्ययुगात बांधलेला एक उंच, चौकोनी किल्ला आहे. त्याच्या तळघरात हा वास बारा महिने मुक्कामाला असतो. छप्पर केव्हाच गेले, पण तळघराची कमान शाबूत आहे. ती रचताना गवंड्यांनी खाली फांद्यांची विणलेली चटई ताणली होती. चटई कुजून गेली, तरी तिची वीण आजही चुन्यात उमटलेली दिसते.

आई गेल्यावर बाबा माझ्याकडे सुट्टीला आले, तेव्हा त्यांना कायमचे इथेच ठेवून घ्यावे, असे मी मनोमन ठरवून टाकले होते. साताऱ्याकडचे सगळे गड पालथे घातलेला हा माणूस इथे नक्की रमेल, या भाबड्या आशेने मी त्यांना या किल्ल्यावर आणले. त्यांनी पायरीला हात लावून तो कपाळी लावला आणि लगेच गडदेवता शोधू लागले. भिंतीतल्या बाण मारायच्या जंग्यांपाशी पाहिले, गोल जिन्याच्या वळणावर पाहिले. शेंदराचा ठिपका म्हणून कुठे नाही!

"अगं, इथे दिवा कोण लावतं?"

"नोबडी, आजोबा," माझी लेक सई म्हणाली. "इट्स जस्ट अ रुइन."

बाबांचा चेहरा उतरला. आपल्याकडे पडक्यात पडक्या गडावरही पायथ्याचे कुणीतरी चढून येते, देवीपुढे वात लावते. म्हणून गड ढासळतो पण ओसाड होत नाही, ही त्यांची श्रद्धा.

"मला राहा म्हणू नकोस, बाळा," खाली उतरताना ते म्हणाले. "तुझ्या आईच्या फोटोपुढे रोज दिवा लावतो मी. इथे राहिलो, तर तिथे कोण लावणार?"

मला संताप आला. एका तसबिरीसाठी जिवंत लेकीला कुणी नाही म्हणते का!

ते परतले, आणि या हिवाळ्यात तेही गेले. हॉस्पिटलातल्या नोकरीतून रजा मिळून मी साताऱ्याला पोहोचले, तोवर सारे उरकले होते. आईचा फोटो भिंतीवरून काढायला हात धजेना. शेजारी बाबांचा लावला, त्यांच्या फ्लॅटला कुलूप घातले आणि इथे परतून कामावर रुजू झाले. परवा शेजारच्या काकूंनी दार उघडले, तर आतून ओलीचा वास आला म्हणे.

आज पुन्हा त्या कमानीखाली उभी आहे. चुन्यातल्या विणीवरून बोटे फिरतात, आणि बाबांचा प्रश्न आता माझ्याच बंद माहेराविषयी मनात येतो. तिथे दिवा कोण लावतं?

सईने तेव्हाच सांगितले होते.