चौदा नंबरचं औषध

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे नंतर चहा नाकातून यायचा नाही. कारण मी जो घोळ घातला, तो पीएचडी करणारी बाई घालू शकते यावर तुमचा विश्वासच बसणार नाही. माझाही बसला नव्हता!

मी नगरला एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. राहते सुप्याला, कारण आमचे हे तिथल्याच एका कंपनीत आहेत. आणि शिकवता शिकवता माझं पीएचडी चाललंय. चाललंय म्हणायचं आपलं, खरं तर ते फतकल मारून बसलं होतं. विषय मात्र भारदस्त! कॅन्सरवर चालतील अशी नवीन रसायनं तयार करायची. तांब्याचा क्षार घ्यायचा, त्यात दुसरं रसायन घालायचं, तासन्‌तास उकळायचं, गाळायचं, वाळवायचं. एवढ्या उपद्व्यापातून हाती येते चिमूटभर पूड. ती बाहेरगावच्या मोठ्या लॅबला पाठवायची. तिथं काचेच्या ताटलीत कॅन्सरच्या पेशी वाढवलेल्या असतात, त्यांच्यावर ती टाकतात आणि पेशी मरतात का बघतात.

माझ्या पहिल्या तेरा पुडींनी एकही पेशी मारली नाही. मारणं सोडा, पेशींना साधं शिंकायला लावलं नाही! गाईड सर म्हणाले, "मॅडम, चौदा नंबर शेवटचा. हा चालला नाही तर विषय बदलायचा." म्हणजे एवढी वर्षं पाण्यात आणि पाटी परत कोरी.

घरी दुसरीच लढाई. सासूबाई मिरजगावकडच्या, त्यांना मशेरीची जन्माची सवय. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची आणि सकाळ-संध्याकाळ दाताला घासत बसायचं. त्यांनी तवा ठेवला की आमच्यासकट अख्खी गल्ली खोकत रस्त्यावर!

"अहो आई, मी कॅन्सरवर औषध शोधतेय, आणि तुम्ही घरबसल्या त्याला आवतण देताय!"

"मंग बरंच हाय की," त्या मोरीत पिंक टाकून म्हणायच्या. "तुजं औशद झालं की पयलं मलाच दे."

मी आपली नाकाला पदर लावून खिडक्या उघडत फिरायचे.

पुढं त्यांची मशेरीची डबी गंजली. तेव्हा सुनेचं कर्तव्य म्हणून लॅबमधली एक नवीकोरी काचेची बाटली मीच त्यांना आणून दिली. हो, मीच! बोटाएवढी, घट्ट काळ्या झाकणाची. एवढ्या खूश झाल्या की शेजारणींना बोलावून दाखवली.

आणि मग माझा चौदा नंबर तयार झाला. काळपट तपकिरी, मऊसूत पूड. तसल्याच बाटलीत भरली. कुरिअर सोमवारी सुप्याहूनच करायचं होतं, म्हणून शनिवारी बाटली पर्समध्ये घातली आणि घरी आणली. लॅबमधली रसायनं घरी न्यायची नाहीत हे पोरांना ओरडून कोण सांगतं? मी! बाटलीवर लेबल लावल्याशिवाय हलायचं नाही हे कोण सांगतं? तेही मीच! म्हटलं, घरी निवांत लावू लेबल. आणि बाटली ठेवली स्वयंपाकघराच्या खिडकीत.

त्या खिडकीत आणखी कुणाची बाटली असते, हे तुमच्या लक्षात आलं ना? माझ्या नाही आलं!

सोमवारी सकाळी कुकरच्या शिट्ट्या, ह्यांचा डबा, वर सर्दीनं नाक चोंदलेलं. खिडकीतली बाटली उचलली, चौदा नंबरचं लेबल चिकटवलं, ह्यांच्या हातात पार्सल दिलं आणि मनातल्या मनात प्रार्थना केली.

प्रार्थना फळली हो! सरांचा फोन आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये होते. "मॅडम, चौदा नंबरनं धुमाकूळ घातलाय! पेशी साफ!" मी खुर्चीवरून उडालेच. पेढे वाटले. गणिताच्या मॅडमशी दोन वर्षांचा अबोला होता, तिलाही मिठी मारली.

रविवारी सासूबाईंनी चर्चमध्ये बातमी फोडली. पाळकसाहेबांनी माझ्यासाठी खास आभाराची प्रार्थना केली, सगळी मंडळी आमेन म्हणाली. बाहेर आले तर बायकांचा गराडा!

"शीला, गोळी हाय का इंजेक्शन गं?"

"मला कॅन्सर न्हाई, पन गुडगा लई दुकतो. चालंल का?"

काष्टीहून आलेली एक मावशी माझा दंडच धरून बसली. "आमच्या म्हशीला मानंवर गाठ आलीया. माणसाला नगं दिऊ, तिला तरी दे!"

"नाही हो, अजून फार वर्षं लागतात," असं मी म्हणत होते. पण ते अशा तोऱ्यात, की औषध जणू पर्समध्येच आहे.

त्यात दुधात साखर म्हणजे सासूबाईंची मशेरी सुटली! आपोआप! "नगंच वाटाया लागली," म्हणाल्या. मी लगेच स्टाफरूममध्ये भाषण ठोकलं. माणसाशी प्रेमानं, शास्त्रीय भाषेत बोललं की व्यसन कसं सुटतं, यावर! गणिताच्या मॅडमनं तिच्या नवऱ्यासाठी माझा सल्लाही घेतला.

पण सर पडले शिस्तीचे. "मॅडम, ताजी पूड बनवा, परत पाठवा. एकदा झालं ते खरं नाही." बनवली, पाठवली. उत्तर आलं, परिणाम शून्य. पेशी खुशाल!

"पहिल्या वेळची थोडी उरली होती, ती लॅबनं परत पाठवलीय. बघू," असं म्हणून सरांनी झाकण उघडलं आणि नाक जवळ नेलं. मग डोळे मिटून परत एक लांब श्वास घेतला.

"मॅडम," सर हळूच म्हणाले, "मला तंबाखू सोडून फार वर्षं झाली. पण नाक काही विसरत नाही. ही मशेरी आहे. आणि फार सुरेख भाजलीय."

मी फिदीफिदी हसले. अन् हसता हसता थिजले. मशेरी लॅबला गेली, तर चौदा नंबर कुठं गेला?

तिथूनच घरी फोन लावला. "आई, त्या बाटलीतली मशेरी कशी होती?"

"इचारूच नगं! एकडाव लावली, तर तोंडात तांब्याचा पैसा धरल्यावानी! जीब चरचरली, तांब्याभर पान्यानं चुळा भरल्या. बाटली उकिरड्यावर फेकली. तवापासून मशेरीचं नाव जरी काडलं तरी उमळतंय बग."

खरं सांगते, जीव उडाला माझा. तिथंच रडायला लागले. संध्याकाळी मी आणि ह्यांनी सासूबाईंना गाडीत घालून नगरला डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी तोंड तपासलं, रक्त तपासलं, माझी कथा ऐकली आणि पोट धरून हसले. "काही झालेलं नाही. पण असलं घरी आणू नका पुन्हा! आणि आजी, मशेरी सोडलीत हे फार छान केलंत."

परत येताना गाडीत मी सासूबाईंना सगळं कबूल केलं. हळूहळू त्यांचा चेहरा फुलला.

"म्हंजी त्या पेशी माज्या मशेरीनं मारल्या व्हय?"

मेले! आता ह्या परत तवा ठेवणार! मी घाईघाईनं म्हटलं, "अहो आई, तसं नसतं! ताटलीतल्या पेशी फार नाजूक असतात. त्यांच्यावर फिनेल टाका, झणझणीत ठेचा टाका, मरतातच त्या! म्हणून काय फिनेल औषध होतं? मशेरीनं माणसाला कॅन्सरच होतो!"

"घाबरू नगं. न्हाई लावायची मी परत." त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. किती बरं वाटलं म्हणून सांगू! सुप्याचा फाटा येईपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत काहीतरी विचार करत होत्या. मग माझ्याकडं वळल्या.

"पन शीला, एक सांग मला. फिनेलनं मरत्यात, ठेच्यानं मरत्यात, मशेरीनं बी मरत्यात. मंग एवडी वर्सं खपून तू असलं कसलं औशद काडलं गं, की त्यानं एक बी मेली न्हाई?"