टाचणाच्या नावाखाली

आमच्या घरात मी जे काही लिहिते त्याला टाचण म्हणतात. ही लबाडी माझीच. उद्या कोणत्या वर्गाला काय शिकवायचं हे शिक्षकाने आदल्या दिवशी वहीत लिहून ठेवायचं आणि त्यावर आठवड्याला मुख्याध्यापकांची सही घ्यायची, त्या लिहिण्याला टाचण म्हणतात. खरं टाचण माझं अर्ध्या तासात उरकतं. पण लग्नानंतर थोड्याच दिवसांत मला कळलं, की 'कथा लिहितेय' म्हटलं की दूध उतू जातंय का बघायला, पाहुण्यांना पाणी द्यायला, कुलुपाची किल्ली शोधायला मला उठवताना कुणाला काही वाटत नाही. 'टाचण काढतेय' म्हटलं की मात्र घर चिडीचूप. नोकरीचं काम ना! मग कथेलाही मी टाचणच म्हणायला लागले. पुढे पीएच.डी. सुरू झाली, तेव्हा प्रबंधही त्यातच गेला.

या टाचणाची राखण सगळ्यांत जास्त केली ती माझ्या सासूबाईंनी. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. आत्यांना लिहितावाचता येत नाही. शेजारीण आली की त्या तिला उंबऱ्यातच थोपवायच्या. "आत नगं जाऊ. टाचण काढतीया ती. लय टाचण देत्यात बाई ह्यास्नी, सरकारला दुसरा उद्योग न्हाई." आतल्या खोलीत मला ते ऐकू यायचं आणि लाज वाटायची. लाज वाटली म्हणून मी लिहिणं थांबवलं असं मात्र कधी झालं नाही.

आमचं गाव औंधच्या बाजूला. शाळा माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या जीपने वीस मिनिटांवर. माझे गाइड सांगलीला. शनिवारी सकाळची शाळा सुटली की एसटी पकडायची, विट्याला गाडी बदलायची आणि सांगलीत त्यांच्या घरी जाऊन प्रकरण दाखवायचं. ग्रामीण कथांमधल्या बायकांच्या तोंडची भाषा, हा माझा विषय. विषय मी निवडला की त्याने मला, हे आता सांगता येणार नाही. गाडीत कथा सुचायची, वर्गात प्रबंधाचा मुद्दा सुचायचा, आणि प्रबंधाला बसलं की नववीचे पेपर तपासायचे राहिलेत हे आठवायचं. नववीतल्या एका मुलीने म्हसवडच्या जत्रेवर निबंध लिहिला होता. त्याखाली मी लाल शाईने 'विधानांना पुरावे द्या' असा शेरा मारला. ती बिचारी दुसऱ्या दिवशी जत्रेतून आणलेल्या बांगड्या घेऊन आली.

गाइड चिडायचे. "मॅडम, एक काय ते ठरवा. शिक्षिका व्हायचंय, लेखिका व्हायचंय की डॉक्टर? एक ना धड, भाराभर चिंध्या चाललंय तुमचं." त्यांचं खरं होतं. पण यातलं एक टाकायचं तर कुठलं? शाळा टाकली तर घर कसं चालणार, प्रबंध टाकला तर इतक्या वर्षांच्या एसटीच्या फेऱ्या पाण्यात, आणि कथा टाकली तर बाकीचं सगळं कशासाठी करायचं तेच कळेना.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आत्या आणि मी बियाण्यासाठी शेंगा फोडत बसलो होतो. बोलता बोलता त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. माझे सासरे फौजेत होते, वर बर्फाच्या मुलखात. लग्नानंतर पहिली काही वर्षं त्यांची पत्रं यायची, आणि आत्यांच्या वतीने उत्तर लिहायचे गावातले मास्तर. आत्या सांगायच्या, मास्तर लिहायचे. सासरे सुट्टीवर आले तेव्हा म्हणाले, तू लिहिलेल्या त्या एका ओळीवर मी तिकडे अख्खी थंडी काढली. कुठली ओळ? तर, 'तुम्ही तिकडे उभे आहात म्हणून इथे दिवा लावताना माझा हात कापत नाही.' असलं काही आत्यांनी सांगितलंच नव्हतं. ओळ मास्तरांची होती. आत्यांनी ते सासऱ्यांना कधीच सांगितलं नाही. सासरे ती ओळ म्हातारपणापर्यंत म्हणून दाखवायचे, आणि ते गेले तेही तसेच, ती ओळ बायकोची समजून.

कुणाला सांगू नकोस, असं आत्या म्हणाल्या नव्हत्या. या एका गोष्टीवर मी माझी अख्खी कथा उभी केली. आठ दिवसांत ती लिहून झाली, आणि अशी उतरली की मलाच खरं वाटेना. त्यात नवऱ्याच्या तोंडून ती ओळ ऐकल्यावर बायको घरामागच्या परड्यात जाऊन रडते, असा शेवट केला. साताऱ्याच्या एका दिवाळी अंकाला पाठवली. श्रावणात संपादकांचा फोन आला. "अंकातली पहिली कथा तुमची. एकदा नजरेखालून घाला आणि सोमवारपर्यंत छापू का ते सांगा." माझी पहिलीच छापून येणारी कथा. मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि म्हटलं, "सोमवारी सांगते."

आत्यांना विचारायला हवं होतं. पण विचारायचं तर इतकी वर्षं मी कसलं टाचण काढत होते, हेही सांगावं लागणार. रोज ठरवायचे आणि रोज भाकऱ्या होईपर्यंत धीर संपायचा.

त्याच आठवड्यात, गुरुवारी, कथेची वही मी पलंगावर विसरून शाळेत गेले. ही वही म्हणजे शाळेने दिलेली जादाची टाचणवहीच. खाकी कव्हर, आत दिनांक, इयत्ता, घटक असे छापील रकाने, आणि त्या रकान्यांवरून मी लिहिलेली कथा. आत्यांनी वही पाहिली. सुनेचं टाचण घरी राहिलं, आता हिला बोलणी बसणार, म्हणून त्या चांगलं लुगडं नेसल्या, त्यांनी वडाप पकडलं आणि थेट मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन वही त्यांच्या टेबलावर ठेवली.

मला शिपाई बोलवायला आला तेव्हा मी नववीवर होते. खोलीच्या दारापर्यंत पोहोचले. आत्या खुर्चीच्या कडेला बसल्या होत्या, हातात चहाची बशी. आणि आमचे मुख्याध्यापक, माणूस भला, घरून म्हातारं माणूस आलंय तर त्यांच्या सुनेचं कौतुक करावं म्हणून, वही उघडून मोठ्याने वाचत होते. दिवा. हात. बर्फ. मास्तर. ते थांबत थांबत, चांगलं वाचत होते. आत्या बशीकडे बघत होत्या.

"या मॅडम," ते म्हणाले. "अपठित उताऱ्याचा सराव घेताय वाटतं दहावीचा? उत्तम. मुलांना आपल्या भागातला उतारा मिळाला की उत्तरं सुचतात. फक्त खाली प्रश्न काढायचे राहिलेत बघा. कुणाचा आहे हा उतारा?"

आत्यांनी बशी खाली ठेवली. "तिचाच हाय," त्या म्हणाल्या. "ती लय लिवती."

मुख्याध्यापकांनी कथेच्या प्रत्येक पानावर 'पाहिले' असं लिहून सही केली. मी वही घेतली. आत्या उठल्या, पदर सारखा केला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भाजी हाय का घरात? न्हाईतर येताना आण." त्या फाटकाबाहेर जाईपर्यंत मी खिडकीत उभी राहिले आणि मग वर्गावर गेले. काय शिकवलं ते आठवत नाही.

संध्याकाळी मला वाटलं, आता बोलतील. नाही बोलल्या. जेवताना आणखी भाकरी वाढली, मेथी चांगली मिळाली म्हणाल्या. चोराच्या मनात चांदणं. त्यांनी तांब्या जरा जोरात ठेवला तरी मला तो माझ्यासाठीच वाटायचा. शुक्रवारी शेजारीण आली. आतून मी कान देऊन ऐकत होते. आत्यांनी तिला थोपवलं नाही. "जा की आत," म्हणाल्या. "बसलीया." ती आली, तासभर बसली, आणि मला पहिल्यांदा समजलं की त्या उंबऱ्यावर इतकी वर्षं किती जोर लागत होता.

शनिवारी सांगलीला गेले. जायला नको वाटत होतं, पण घरी बसवतही नव्हतं. गाइडांनी तिसरं प्रकरण वाचलं, आणि कधी नव्हे ते खूश झाले. "हा मुद्दा पक्का बसलाय. बाई बोलत असते असं आपल्याला वाटतं, पण तिच्या तोंडी लेखकाने स्वतःचं वाक्य घातलेलं असतं. बाईला बोलतं केल्याचं श्रेयही तोच घेतो. अगदी बरोबर पकडलंत." मी मान डोलवली. तीन वर्षं मी ज्या लेखकांना धारेवर धरत होते त्यांच्या रांगेत मीच जाऊन बसले होते, आणि ते सापडलं कुणाला, तर तेही मलाच. येताना विट्यापर्यंत मी नुसती बाहेर बघत होते. कथा मागे घ्यावी असं वाटत होतं आणि अंकातली पहिली कथा आपली, हेही तितकंच आत गुदगुल्या करत होतं. दोन्ही एकाच वेळी कसं वाटू शकतं, याचा मला राग आला.

रविवारी सकाळी आत्या परड्यात शेवगा तोडत होत्या. मी जाऊन उभी राहिले आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. टाचण, कथा, अंक, सोमवार. शेवटी विचारलं, "आत्या, तुम्ही नको म्हणाला तर नाही छापणार."

त्यांनी दोन शेंगा तोडल्या. मग म्हणाल्या, "मी रडले न्हवते."

"काय?"

"तुझ्या त्या लिवण्यात बाई परड्यात जाऊन रडती. सायबांनी वाचलं न्हवं का. मी रडले न्हवते. मला राग आला हुता."

"मास्तरांचा?"

"त्यो काय करंल? त्यानं त्याच्या बुद्धीनं लिवलं. राग ह्यांचा आला." सासऱ्यांचं नाव त्या अजूनही घेत नाहीत. "म्या काय काय सांगितलं हुतं मास्तरला. म्हशीला रेडकू झालं, त्याच्या कपाळाला पांढरा टिपका हाय. हिरीला पाणी लागलं. तुमच्या आईचा अन् माझा आबोला सुटला. समदं लिवलं हुतं मास्तरनं, खाली ती एक वळ घातली हुती. हे आले, अन् ह्यांच्या ध्यानात तेवढीच वळ. म्या इचारलं, रेडकाचं वाचलं न्हवं? तर म्हणले, कसलं रेडकू?"

माझ्या कथेत रेडकू नव्हतं. शेंगा फोडताना त्यांनी ते मला सांगितलं होतं. विहीर सांगितली होती, त्यांच्या सासूचा अबोला सांगितला होता. हे सगळं कथेच्या आड येतंय म्हणून मी गाळलं होतं. ओळ तेवढी ठेवली होती.

"छापायचं तर छाप," त्या म्हणाल्या. "माझं नाव न्हाई त्यात. पर त्यात मीबी न्हाई."

मी तिथूनच संपादकांना फोन लावला आणि कथा मागे घेतली. ते वैतागले. कारण विचारलं. घरचं कारण आहे, एवढंच म्हटलं. पुन्हा कधी तुमची कथा मागणार नाही, असं ते म्हणाले नाहीत, पण फोन ठेवताना आवाज तसाच होता. आत्यांनी सगळं ऐकलं आणि शेंगा घेऊन आत गेल्या. मला वाटलं होतं हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही. दुपारभर मी कपाट आवरत बसले आणि रडले. कथा गेली म्हणून की आत्या दुखावल्या म्हणून, ते मला वेगळं करता आलं नाही.

गणपती होऊन गेले. हळूहळू आत्या पूर्वीसारख्या बोलायला लागल्या. शेजारणीला मात्र पुन्हा कधी उंबऱ्यात अडवलं नाही. एका दुपारी शाळेला सुट्टी होती, त्या ज्वारी निवडत होत्या. मी नवी वही घेतली आणि समोर जाऊन बसले. या वेळी नीट करायचं ठरवलं होतं. आधी विचारायचं, त्या सांगतील तसंच लिहायचं, काही गाळायचं नाही.

"आत्या," मी म्हटलं, "त्या रेडकाचं सगळं सांगता का? पहिल्यापासून. मी तुमच्यासमोरच लिहिते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. सुपातले खडे वेचून बाजूला टाकले.

"इचारलंस ते बरं केलंस," त्या म्हणाल्या. "पर न्हाई सांगत. ऱ्हाऊ दे ते माझ्यापाशी."

"मग मी काय लिहू?"

"तुझं लिव की. रोज शाळेला जातीस, सांगलीला जातीस, हितं राबतीस. काय वाटतं तुला? ते लिव."

मी पेन हातात धरून बसले. त्यांची अख्खी सुपली निवडून झाली, दुसरी झाली. मला काय वाटतं, ते मला एका ओळीतही सांगता आलं नाही.