आवाज बंद ठेवणारा डेलमर

डेलमर किंझी आमच्या गावच्या धान्याच्या कोठारात कामाला होता. मका वर चढवणाऱ्या यंत्रांच्या खडखडाटात ज्याचा दिवस जातो, त्याला संध्याकाळी शांतता लागते. तो दर शुक्रवारी ड्राइव्ह-इनला, म्हणजे गाडीत बसून सिनेमा बघायच्या मैदानात, यायचा, सगळ्यांसारखी गाडी खांबाशेजारी लावायचा, खांबावरचा स्पीकर सगळ्यांसारखाच काढून खिडकीच्या काचेला अडकवायचा, आणि त्याचं बटण फिरवून तो साफ बंद करायचा. स्पीकर न लावणं त्याला उद्धटपणाचं वाटत असावं. ऐकणं मात्र त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं. शिवाय यंत्रांनी त्याचे कान असे मंद केले होते की शेजारच्या गाड्यांतले स्पीकर त्याला ऐकू येत नसत; समोरासमोर बोललेलं तेवढं कळे.

हे मला ठाऊक होतं, कारण आमची स्टेशन वॅगन नेहमी त्याच्या शेजारच्या खांबाला असे. मागच्या सीटवर पायजमे घातलेली आमची पोरं, पुढे मी आणि बायको, आणि गाडीत जितकी माणसं तितकेच डास. ओहायोतल्या ऑगस्टमध्ये खिडक्या बंद ठेवणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. त्यामुळे शेजारच्या गाडीतलं बोलणं आम्हाला ऐकू येई. डेलमरच्या गाडीत ऐकण्यासारखं काही नसायचंच म्हणा.

मध्यंतर झालं की तो पॉपकॉर्नच्या काउंटरवर जाई. तिथे नोरीन असायची. ड्राइव्ह-इन तिच्या भावाचा. भावजय फर्न तिथूनच मायक्रोफोनवरून सगळ्या स्पीकरांवर घोषणा करी, 'निळ्या गाडीचे दिवे चालू राहिलेत हो', आणि नोरीन कढईसमोर घाम पुसत उभी. उन्हाळ्याचे सगळे सिनेमे तिच्या अंगणात लागायचे, पण एकही तिला बघायला मिळायचा नाही. म्हणून ती डेलमरला विचारी, "काय चाललंय रे आज?"

आणि डेलमर, जो एरवी कोठारातल्या फोरमनशीसुद्धा मानेनेच बोलायचा, तो सांगायला लागे. त्याने पाहिलेला सिनेमा आणि आम्ही पाहिलेला सिनेमा यांचं नातं लांबच्या चुलत भावंडांइतकं होतं. आमच्या सिनेमात दोन गुंड बँकेच्या लुटीवरून भांडत. त्याच्या सिनेमात ते कुंपणाच्या हद्दीवरून भांडणारे सख्खे शेजारी असत, आणि एकाची म्हातारी गाय मरते म्हणून दुसरा रडत असे. नोरीन हातातलं पॉपकॉर्न विसरून ऐके. रविवारी चर्चबाहेर ती या गोष्टी इतरांना सांगे, तेव्हा लोक एकमेकांकडे बघत आणि गप्प बसत. तिची चूक दाखवून द्यावी असं कोणालाच कधी वाटलं नाही. आमच्या गावाने एकमताने केलेली ती बहुधा एकमेव गोष्ट.

असं काही उन्हाळे चाललं. मग त्या वर्षी नोरीनला डेटन शहरातल्या एका मोठ्या दुकानात नोकरी चालून आली. सप्टेंबरात ड्राइव्ह-इन बंद झाला की निघायचं होतं. तिने ते काउंटरवर डेलमरच्या कानावर घातलं. मी मागे रांगेत उभा होतो. डेलमर मिठाच्या डबीकडे बघत म्हणाला, "डेटनला गाडी लावायला जागा मिळत नाही."

एवढं बोलून तो परत गाडीत जाऊन बसला.

पुढच्या शुक्रवारी एका राक्षसी गोगलगाईचा सिनेमा होता. गोगलगाय शहरावर चालून येते, म्हणजे लोकांना पळायला भरपूर अवधी असतो, तरी ते शेवटपर्यंत किंचाळत तिथेच थांबतात. मध्यंतर संपलं, फर्नने कुणाच्या तरी दिव्यांची घोषणा केली, सिनेमा पुन्हा सुरू झाला. मायक्रोफोन बंद करायचं ती विसरली. आणि शहर तुडवलं जात असताना मैदानातल्या प्रत्येक खिडकीतून नोरीनचा आवाज आला.

"गाडी लावायला जागा नाही म्हणे! अगं फर्न, मी काय तिथे गाड्या लावायला चाललेय?"

"लाजतो गं तो."

"लाजू दे ना, पण किती? त्याने नुसतं 'जाऊ नकोस' म्हटलं असतं तर मी सामान बांधलंच नसतं. मला तोच हवाय, आणि तो मठ्ठ तिकडे बसून गोगलगाय बघतोय!"

ड्राइव्ह-इनमध्ये टाळ्या वाजवून कुणाला ऐकू जात नाहीत, म्हणून आमच्याकडे आनंद झाला की गाड्यांचे भोंगे वाजवतात. फिल्म तुटली तरी भोंगेच वाजवतात. त्या दिवशी सगळं मैदान वाजलं. पुढच्या रांगेतला पाद्रीसुद्धा वाजवत होता. आणि आमच्या शेजारी डेलमर, दिव्यांची उघडझाप करत, सर्वांत जोरात.

नोरीन काउंटरच्या खिडकीशी आली. आधी तिला मायक्रोफोनचा लाल दिवा दिसला असणार, मग डेलमरची गाडी. ती एप्रन न काढताच रांगांमधून चालत आली, दार उघडलं आणि त्याच्या शेजारी बसली. भोंगे थांबले. आमच्या धाकट्याने काहीतरी विचारायला तोंड उघडलं, ते बायकोने हाताने बंद केलं.

"तू पण वाजवलास?" नोरीनने विचारलं.

"हो."

"मनापासून?"

"सगळेच वाजवत होते. फिल्म तुटली ना?"

मग तिने वाकून खिडकीवरचा स्पीकर पाहिला. "हा तर बंद आहे."

"बंदच असतो."

"म्हणजे मी बोलले ते तू ऐकलंच नाहीस?"

"कधी बोललीस?"

"आणि त्या गोष्टी? ती गाय? मी पाद्र्यांना सांगितली ती गाय!"

"त्या..." डेलमरने स्टिअरिंग घट्ट धरलं. "त्या अंदाजाने."

मला वाटलं ती आता उतरेल. तिचा हात दाराच्या कडीवर होताच. तो तिथेच राहिला. मग ती पडद्याकडे मान करून म्हणाली, "बरं. आता ह्यात पुढे काय होतं ते सांग."

पडद्यावर पांढऱ्या झग्यातली एक शास्त्रज्ञ बाई आणि एक शिपाईगडी गोगलगाईवर मीठ टाकण्याची चर्चा करत होते. डेलमरने त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"त्या बाईला दुसऱ्या गावी नोकरी लागलीय," तो म्हणाला. "आणि त्या माणसाला वाटतंय, तिने जाऊ नये."

"मग तो बोलत का नाही?"

"बोलतोय की."

नोरीनने कडीवरचा हात काढला. डेलमरला यापुढे काय करायचं असतं ते माहीत नव्हतं, म्हणून त्याने गाडी सुरू केली आणि भर सिनेमात तिला घेऊन निघाला. स्पीकर खिडकीलाच. खांबापासूनची तार ताणली गेली, तटकन तुटली, आणि त्याने काय केलं हे त्याला सोडून सगळ्या मैदानाला कळलं. भोंगे पुन्हा सुरू झाले. नोरीनच्या भावाने तो स्पीकर परत मागितला नाही. लग्नाचा आहेर म्हणून धरला.

तो अजून त्यांच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेला आहे. टीव्ही समोरच असतो, आवाज बंद. नोरीन शेंगा सोलते, आणि बातम्यांत आज काय झालं ते डेलमर तिला सांगतो.